वर म्हणजे नक्की कुठे?

उड्डाणपुलाच्या तोंडाशी वर टोक असलेला बाण दिसला की आमची मावशी हमखास विचारते, "अगं, वर म्हणजे पुलावर की सरळ?" तिला अजून मला धड उत्तर देता आलेलं नाही.

परवा पुण्यात कात्रजहून बावधनला एका साखरपुड्याला निघालो होतो. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला, पुढच्या ऑगस्टमध्ये नवा सुरू झाला. कोंडी कमी झाली हे खरंच. पण आता रस्ते इतके फुटतात की मुळशी, कोथरूड, मुंबई, सातारा अशी नावं वाचता वाचताच दमायला होतं. हिरवी पाटी, दोन लिप्या, चार-पाच गावं आणि बाण. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. तिसऱ्या गावाशी पोचेपर्यंत पाटी डोक्यावरून मागे गेली आणि बावधनही. मांडीवरचा पेढ्यांचा खोका सावरत मावशी म्हणाली, "चला, आता मुंबईच बघून येऊ."

पाटी लावणाऱ्याला रस्ता आधीच पाठ असतो, सगळी गडबड तिथेच होते. म्हणून धोक्याच्या वळणाची पाटी ऐन वळणावर उभी असते, आणि नाक्यावरची पाटी नाका आल्यावर दिसते. (कुणा दादांचा वाढदिवस नसेल तर. असला तर फ्लेक्समागे फक्त खांब.) 'खेड' एवढंच लिहिलेलं असलं की राजगुरुनगरचं, रत्नागिरीचं की खेड शिवापूर, हे ज्याचं त्यानं ओळखायचं.

ब्रिटनमध्ये जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या पाट्या नव्यानं बेतल्या. गावांची नावं सगळी कॅपिटलमध्ये न लिहिता त्यांनी पहिलंच अक्षर मोठं ठेवलं. अक्षरं वरखाली झाली की शब्दाला एक आकार येतो आणि वाचायच्या आधीच तो ओळखू येतो. आपल्या वेलांट्या-उकारांना हे देणं जन्मतःच आहे, पण पाटीवर त्यांना अंग चोरून बसावं लागतं.

मला विचाराल तर आपल्याकडची सगळ्यात चोख पाटी पंक्चरवाल्याची. झाडाला टांगलेला टायर, त्यावर पांढऱ्या रंगात एकच शब्द. दुकान यायच्या बरीच आधी दिसते, अंधारातही कळते, आणि बाण लागतच नाही.

सूसपाशी वळून आलो तेव्हा अशाच एका टायरखाली गाडी थांबवली. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणाऱ्या दादांनी मान वर न करताच सांगितलं, "बावधन ना? पाटीकडं बघू नका ताई. डावी धरा, वर चढू नका."

"बघ," मावशी म्हणाली, "वर म्हणजे पुलावरच."