टेबलातला सातवा रकाना

मेल सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निघाली होती. मी ती पावणेसातला उघडली, कंटेनरच्या दारात उभी राहून, कारण आत इंटरनेट पोचत नसे. सोबत एक एक्सेल जोडलेलं. पहिल्या रकान्यात तारीख, मग वेळ, मग नकाशावरची जागा, मग घटनेचा प्रकार, वय, हल्लेखोर किती आणि कोणत्या कपड्यांत, आणि सातव्या रकान्यात ब्लॉक. आठव्यात शेरा. चौथ्या ओळीतला शेरा मला आजही शब्दन् शब्द आठवतो, पण तो इथे लिहिणार नाही. वय, ब्लॉक आणि तो शेरा असं एकत्र वाचलं तर त्या ब्लॉकमधल्या कुणालाही ती बाई कोण हे नाव न वाचता कळलं असतं. आणि मेल ४७ पत्त्यांवर गेलेली.

ही गोष्ट मार्च २०१७ ची, दक्षिण सुदानमधल्या बेंटियूची. डिसेंबर २०१३ मध्ये राजधानी जुबात लढाई पेटली आणि पाहता पाहता बेंटियू ज्यात येतं त्या युनिटी प्रांतात पोचली. लोक जीव घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळांकडे धावले, तळांची फाटकं उघडली गेली, आणि चार दिवसांसाठी आत आलेली माणसं वर्षानुवर्षं तिथेच राहिली. मी होते तेव्हा बेंटियूच्या छावणीत लाखाच्या वर माणसं होती, बहुतेक नुएर जमातीची. पाच सेक्टर, सेक्टरांत ब्लॉक, भोवती खंदक आणि मातीचा उंच बांध. जमीन आपल्या परभणीसारखी काळी. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, पावसात गाडीचं चाक गिळणारा चिखल. २०१४ च्या पावसाळ्यात बायकांनी लेकरं उचलून पाण्यात उभ्यानं रात्री काढल्या होत्या. मी गेले तेव्हा छावणी उंच भरावावर नव्यानं बांधलेली होती, पण त्या रात्रींविषयी लोक कालच्यासारखं बोलत. २०१७ च्याच फेब्रुवारीत दक्षिणेकडच्या लेर आणि मायेंदित भागांत दुष्काळ जाहीर झाला होता, त्यामुळे नवी कुटुंबं पायी येतच होती.

माझं काम प्रोटेक्शन क्लस्टरच्या समन्वयाचं. घरी हे समजावणं मला कधी जमलं नाही, कारण मराठीत संरक्षण म्हटलं की डोळ्यांपुढे सैन्य येतं. मदतसंस्था एकमेकींच्या पायात येऊ नयेत म्हणून २००५ पासून कामाचे गट, म्हणजे क्लस्टर, पाडलेले आहेत: पाणी एका गटाकडे, आरोग्य एकाकडे, निवारा एकाकडे. माणसाला माणसापासून होणारी इजा टाळणं हा आमचा गट. पाणीवाल्यांना बोअर मोजता येतात. आम्हाला न घडलेली गोष्ट मोजता येत नाही. समन्वयकाच्या हातात ना दुसऱ्या संस्थेची गाडी असते, ना पैसा, ना एक शिपाई. बैठक बोलावणं, नकाशा भरणं, लोकांना पटवत राहणं एवढंच. आणि बाहेरच्याला सुचणार नाही असं एक काम, जे मी सगळ्यात मोठं मानते: काय लिहायचं नाही हे ठरवणं.

छावणीत महिन्याला ज्वारी, डाळ, तेल मिळे. ज्वारी दळायला पैसे लागतात आणि शिजवायला सरपण. तीन वर्षांत बांधाच्या आसपासचं झाडझुडूप संपून गेलं होतं. बायका पहाटेच्या अंधारात कुऱ्हाड घेऊन निघत, दोन-तीन तास चालत, मोळी डोक्यावर घेऊन दुपारी परतत. बायकाच का, असं नवा माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो. त्याचं उत्तर तिथे कुणीही आवाज न चढवता देई: पुरुष गेला तर मारून टाकतात, बाई गेली तर परत येते. कशी परत येते ते पुढे कुणी बोलत नसे. माझी आजी सरपणाला जायची. चुंबळ, मोळी, वाटेतल्या विसाव्याचा दगड हे सगळं मला ओळखीचं होतं, म्हणून ते उत्तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वहीत काही लिहूच शकले नाही.

त्या फेब्रुवारीअखेर, हल्ला झालेल्या बायका जिथे मदतीला येत त्या बायकांच्या केंद्रातून कळलं की एका वाटेवर हल्ले वाढलेत. केंद्रातल्या केसवर्कर, म्हणजे एकेका बाईचं ऐकून तिला मदत मिळवून देणाऱ्या कार्यकर्त्या, या माझ्या मते त्या छावणीतल्या सगळ्यात कसबी माणसं. समोरच्या बाईनं काय सांगितलं हे तर त्या नोंदवतातच, पण त्यातलं काय, कुणाला, कोणत्या कामासाठी सांगायला तिची परवानगी आहे हेही वेगळं विचारून तिचा अंगठा घेतात. दवाखान्याला सांगू? हो. पोलिसांना? नको. बैठकीत आकडा म्हणून? चालेल. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी १२० तासांच्या आत. त्यामुळे बाई केंद्रापर्यंत न बिचकता येणं यावर सगळं अवलंबून असतं. एकदा जरी बातमी फुटली तरी पुढची बाई येत नाही, आणि ती आली नाही हे आपल्याला कळतही नाही.

म्हणून केंद्र मला फक्त आठवड्याचा आकडा देई. तोही लहान असला तर वयोगट नाही, सेक्टर नाही. तीनशे घटनांत ‘सेक्टर दोन’ लिहिलं तर काही बिघडत नाही. चार घटनांत लिहिलं तर ते नाव लिहिल्यासारखंच होतं. हे मी प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर काढून दाखवायची.

सलग तीन आठवडे मी शांतिसेनेच्या गस्तीच्या बैठकीत तेच वाक्य मांडलं: उत्तरेच्या वाटांवर घटनांत वाढ आहे. तिथला लष्करी अधिकारी शांतपणे विचारी, “मॅडम, उत्तर म्हणजे कुठे? माझ्याकडे दोन गाड्या आहेत. कुठल्या वाटेवर पाठवू, किती वाजता पाठवू?” त्याचं चुकत नव्हतं. सरपणाची गस्त होती, पण ती उजाडल्यावर, तपासण्या आटोपून, मुख्य रस्त्यानं जाई. बायका तोवर आडवाटेनं कुठल्या कुठे गेलेल्या असत. जागा आणि वेळ यांशिवाय तो काही करू शकत नव्हता, आणि जागा आणि वेळ माझ्याकडे नव्हती.

आणि मग चौथ्या आठवड्यात ती मेल.

पाठवणारा एका संस्थेतला पंचविशीचा मुलगा होता. त्याच्या संस्थेची माणसं ब्लॉकमध्ये फिरून थेट बायकांशी बोलली होती, केंद्राला न विचारता. त्यानं रात्रभर बसून ते टेबल केलं होतं. मी त्याच्या तंबूत गेले तेव्हा त्याला वाटलं मी शाबासकी द्यायला आले. माझा आवाज चढला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तो पांढरा पडला. मग म्हणाला, “तीन आठवडे तुम्ही आकडे देताय. कुणी हललं का?”

मी काहीच बोलले नाही. वेळ नव्हता हे खरं, पण उत्तरही नव्हतं.

रेडिओवर यातलं एक अक्षर बोलता येत नाही, सगळा तळ ऐकतो. सरळ ‘डिलीट करा’ अशी मेल टाकली तर न उघडणाराही आधी ती उघडून बघतो. म्हणून मी ४७ पत्त्यांची यादी कागदावर उतरवली आणि पायी निघाले. कंटेनर, तंबू, कंटेनर. “माले,” म्हणजे नुएर भाषेतला नमस्कार, म्हणून दारात उभं राहायचं, लॅपटॉप उघडायला लावायचा, माझ्यासमोर मेल काढायला लावायची, मग कचऱ्यातूनही काढायला लावायची, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये बघायचं. दुपारपर्यंत २९ झाले. जुबातल्या सहा जणांना सॅटेलाइट फोन लावून गाठलं. पाच पत्ते देश सोडून गेलेल्यांचे होते. ते कुणी आणि का ठेवले हे विचारलं तर दर संस्थेनं दुसरीकडे बोट दाखवलं. यादी सांभाळायचं काम माझंच होतं, हे मला तेव्हा कुणी ऐकवलं नाही, मी ते आज स्वतः लिहितेय. उरलेल्या सातांत एक पत्ता लढणाऱ्या एका बाजूच्या कार्यालयाचा होता. अन्नवाटपाच्या तारखा कळाव्यात म्हणून तो कधीतरी यादीत घातला गेला होता. त्या कार्यालयात जाऊन ‘ती मेल पुसा’ म्हणणं म्हणजे त्या मेलवर बोट ठेवणं. मी गेले नाही. ते बरोबर होतं की नाही ठाऊक नाही.

त्या मुलाला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. मदतीचा पैसा देणाऱ्यांना प्रस्तावात ‘पुरावा’ लागतो, म्हणून अशा मुलांना फॉर्म भरायला दोन दिवस शिकवतात. कोणता रकाना फॉर्ममध्ये असूच नये हे शिकवायला अर्धा तासही मिळत नाही. फॉर्मवर रकाना छापलेला असला की माणूस तो भरतो.

चार वाजता गस्तीची बैठक. अधिकाऱ्यापुढे ते टेबल छापलेलं होतं. आणि त्या दिवशी तो खऱ्या अर्थानं कामाला लागला. जागांवरून नकाशावर पेन्सिलीनं खुणा केल्या, त्या एका कोरड्या ओढ्याच्या वळणाशी गोळा होत होत्या. वेळा बहुतेक सकाळी आठच्या आधीच्या. त्यानं तिथल्या तिथे ठरवलं: गस्त साडेपाचला निघेल, रस्त्यानं न जाता ओढ्यापर्यंत जाईल, बायका परत येईपर्यंत थांबेल. पहाटे निघायची परवानगी तो स्वतः वरून मागून घेणार होता. मी तीन आठवडे जे मागत होते ते सगळं वीस मिनिटांत झालं.

माझ्या पिशवीत दिवसभर पुसलेल्या मेलांची यादी होती, आणि समोर त्याच मेलवरून काम चाललं होतं. मी ते थांबवलं नाही. बैठक संपल्यावर मी त्याला म्हटलं, या कागदाची उजवी बाजू तुम्हाला लागणार आहे का? त्यानं कागद बघितला, मला बघितलं, पट्टी ठेवली आणि प्रकाराच्या रकान्यापाशी कागद सरळ फाडला. वय, हल्लेखोर, ब्लॉक, शेरा असलेली पट्टी माझ्या हातात दिली. मी ती स्वयंपाकघराच्या चुलीत घातली आणि पूर्ण जळेपर्यंत उभी राहिले.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यातून जात नाही ती ही फाडलेली पट्टी. गस्तीला डावी बाजूच पुरेशी होती. तारीख, वेळ, जागा. केंद्राकडे जागा मागितल्यावर त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि मी त्यांच्या कसबाचा मान राखून ते ऐकलं. दुसऱ्यांदा मागितलं नाही. आपण दोघी बसून महिन्याभराच्या जागा एकत्र करू, दिवस काढून टाकू, नुसत्या खुणा नकाशावर देऊ, आणि त्यासाठी बायकांची परवानगी वेगळी विचारू, असं मी म्हणू शकले असते. आज मी हेच करते आणि दुसऱ्यांनाही हेच शिकवते. तेव्हा सुचलं नाही, कारण मला न लिहिण्याचा अभिमान होता. पण हेही खरं की त्या वाटेनं एखाद्या सकाळी चारच बायका गेल्या असतील तर नुसती वेळसुद्धा बोट दाखवते. केंद्र घाबरत होतं ते उगाच नव्हतं.

शुक्रवारी केसवर्कर मला बाजूला घेऊन म्हणाली की एक जण पुढच्या गोळ्या न्यायला आली नाही. एचआयव्ही टाळायची ती औषधं २८ दिवस घ्यायची असतात. कोण, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याच सुमारास दुसऱ्या एका कार्यकर्त्यानं सहज म्हटलं की अमुक ब्लॉकमध्ये दोन अनोळखी माणसं कुणाची तरी चौकशी करत होती. ब्लॉक तोच होता. नातेवाईक शोधणारी माणसं तिथे रोजच फिरत. घर सोडून दुसऱ्या सेक्टरात बहिणीकडे जाणं हेही रोजचं. केंद्राची बाई तिच्या दारात जाऊ शकत नव्हती, कारण केंद्राची बाई दारात दिसणं म्हणजेच शेजाऱ्यांना कळणं. मी विचारायला गेले असते तर ज्या धोक्याला घाबरत होते तोच मी स्वतः तिच्या दाराशी नेला असता. म्हणून मला माहीत नाही. आठ वर्षं झाली, मला माहीत नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरात बेंटियूच्या वाटांवर दहा दिवसांत १२५ बायका आणि मुलींवर अत्याचार झाल्याचं डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सनं जगजाहीर केलं. त्या अन्नवाटपासाठी बेंटियूकडे चालत येत होत्या. मी तोवर दुसऱ्या देशात होते. बातमी दोनदा वाचली. आकडा होता, वाटांची नावं होती, आणि त्यात एकाही बाईकडे बोट जात नव्हतं. सुरक्षा परिषदेला निषेध करावा लागला, गस्ती वाढल्या, रस्त्याकडेची झुडपं कापायला घेतली. आकडा एवढा मोठा होईपर्यंत त्यात लपता येत नाही, हे मला ती बातमी वाचताना सुचलं आणि मी लॅपटॉप मिटला.

पहिल्या पहाटेच्या गस्तीला मी फाटकावर गेले होते. साडेपाचला अंधारच होता, गाड्यांचे दिवे लागलेले. साठेक बायका कुऱ्हाडी आणि दोरखंड घेऊन रांगेत उभ्या होत्या, आदल्या आठवड्यापर्यंत दहासुद्धा येत नसत. मी एका टोकापासून मोजायला लागले, नोंदीसाठी. निम्म्यावर आल्यावर लक्षात आलं की मी मोजत नाहीये. शेऱ्यात जी खूण होती ती मी एकेका बाईत शोधत होते. मी मान खाली घातली, वहीत ‘सुमारे ६०’ लिहिलं आणि गाड्या बाहेर पडेपर्यंत जमिनीकडे बघत राहिले.