थर्मोकपलचे मॉडेल आणि केबलमध्ये हरवलेले पन्नास अंश

सिम्युलेशनमध्ये थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमान मोजणारा संवेदक, दाखवायचा झाला की बहुतेक जण एक व्होल्टेज सोर्स ठेवतात, तापमानाला ४१ मायक्रोव्होल्टने गुणतात आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायरच्या कामाला लागतात. मीही अनेक वर्षे तसेच करत आलो. ‘के’ प्रकारच्या, म्हणजे क्रोमेल-अ‍ॅल्युमेलच्या थर्मोकपलसाठी हा गुणक खोलीच्या तापमानाजवळ ठीक चालतो. पण प्रमाण तक्त्यात ९०० अंश सेल्सिअसला ३७.३२६ मिलिव्होल्ट दिलेले आहेत, आणि त्यांना ४१ मायक्रोव्होल्टने भागले की ९१० अंश येतात. दहा अंशांची ही चूक तक्ता वापरून सहज दूर करता येते. त्या मॉडेलातली खरी चूक मात्र वेगळी आहे आणि ती मला एका भट्टीने दाखवून दिली.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात स्टीलचे भाग ८५० अंशांना तापवून कडक करण्याची भट्टी होती. कंट्रोलरवर ८५० दिसत असतानाही माल अति तापल्याची लक्षणे दाखवत होता. थर्मोकपल बदलला, कंट्रोलर बदलला, तरी फरक पडला नाही. सकाळी भट्टी थंड असताना कंट्रोलरवरचा आकडा खोलीतल्या तापमापकाशी तंतोतंत जुळत असे, त्यामुळे थर्मोकपल आणि कंट्रोलर यांच्या मधल्या केबलवर कोणाचाच संशय गेला नाही. मी एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममध्ये संपूर्ण सर्किट उभे केले आणि तेही निर्दोष निघाले. ते निर्दोष निघणारच होते, कारण माझ्या मॉडेलात केबल नव्हतीच.

थर्मोकपलचे व्होल्टेज गरम टोकाच्या जोडात तयार होते, असा समज फार रुळलेला आहे. तापमानातल्या फरकातून असा विद्युत परिणाम होतो हे शास्त्रज्ञ सीबेक यांनी १८२१ मध्ये पाहिले. त्याचे आजचे स्पष्टीकरण असे की तारेच्या ज्या भागात तापमान बदलत जाते त्या भागात व्होल्टेज निर्माण होते, आणि दोन वेगळ्या धातूंच्या तारांमधला फरक आपल्याला टोकांशी मिळतो. जोडाचे काम दोन तारा विद्युतदृष्ट्या एकत्र आणण्याचे आहे. म्हणून थर्मोकपलच्या मॉडेलाला एक तापमान देऊन भागत नाही. प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकांची तापमाने द्यावी लागतात, आणि त्याचे व्होल्टेज म्हणजे तक्त्यातल्या त्या दोन तापमानांच्या मूल्यांमधला फरक.

एलटीस्पाइसमध्ये हे करणे अवघड नाही. तापमान व्होल्टच्या रूपात धरायचे, म्हणजे सर्किटच्या एका नोडवरचा (जोडबिंदूवरचा) एक व्होल्ट म्हणजे एक अंश. मग प्रत्येक तुकड्यासाठी एक बी-सोर्स, म्हणजे सूत्राने व्होल्टेज ठरवता येणारा सोर्स, घ्यायचा आणि त्यात तापमानावरून व्होल्टेज देणारी प्रमाण बहुपदी लिहायची. ‘के’ प्रकाराच्या शून्य अंशावरील बहुपदीला नवव्या घातापर्यंतची पदे आहेत आणि शेवटी एक घातांकी पदही आहे, ज्याचा कमाल परिणाम १२७ अंशांच्या आसपास सुमारे ०.११९ मिलिव्होल्ट, म्हणजे जवळजवळ तीन अंश इतका असतो. हे पद पुष्कळ जण गाळतात. ते गाळले आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी खूण मी नेहमी वापरतो: शून्य अंशाला बरोबर शून्य व्होल्टऐवजी उणे १७.६ मायक्रोव्होल्ट मिळाले, तर ते पद राहून गेले आहे. सहगुणकांचे अंकही कापू नयेत. नवव्या घाताचा सहगुणक दिसायला नगण्य असला तरी हजार अंशांवर त्याचा प्रभाव मोठा पडतो.

मग मी भट्टीचे तीन बिंदू घेतले: भट्टीच्या आत ८५० अंश, टर्मिनल हेडजवळ (थर्मोकपलला केबल जोडतात त्या डबीजवळ) ६० आणि कंट्रोलरच्या पॅनेलमध्ये ३५. त्यांची तक्त्यातली मूल्ये अनुक्रमे ३५.३१३, २.४३६ आणि १.४०७ मिलिव्होल्ट आहेत. हेडपर्यंतच्या तुकड्यातून ३२.८७७ मिलिव्होल्ट मिळतात, एक्स्टेन्शन केबलमधून (थर्मोकपलसारखेच व्होल्टेज देणाऱ्या तारांच्या मधल्या केबलमधून) १.०२९ आणि कोल्ड जंक्शन भरपाईतून (पॅनेलच्या तापमानासाठी कंट्रोलर स्वतः मिळवतो त्या व्होल्टेजमधून) १.४०७, बेरीज पुन्हा ३५.३१३ येते. नंतर केबलच्या बी-सोर्सची दोन टोके अदलाबदल केली. बेरीज ३३.२५५ वर आली, म्हणजे कंट्रोलरला ८०० अंशांहून किंचित कमी दिसणार. अर्थात पडद्यावर ८५० आणण्यासाठी कंट्रोलर भट्टीला ९०० अंशांच्या घरात नेत होता.

प्रत्यक्षातही केबल दोन्ही टोकांना उलटी जोडलेली होती. एकाच टोकाला उलटी असती तर भट्टी तापताना आकडा खाली गेला असता आणि चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. दोन्हीकडे उलटी असल्यामुळे आकडा नेहमीसारखा वर चढत राहिला. थंड भट्टीत हेड आणि पॅनेलचे तापमान सारखेच असल्याने केबलचे व्होल्टेज शून्य, म्हणून सकाळची तपासणी प्रत्येक वेळी बरोबर निघत होती. गोंधळाचे मूळ रंगांत होते. अमेरिकी पद्धतीत ‘के’ केबलची लाल तार ऋण असते, आणि लाल म्हणजे धन ही इलेक्ट्रिकलच्या कामातली सवय हाताला लागलेली असते.

या मॉडेलात मी नंतर आणखी दोन गोष्टी जोडल्या. पहिली म्हणजे थर्मोकपलच्या आवरणामुळे तापमान कळायला होणारा विलंब, जो तापमानाच्या नोडवर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावून पुरेसा चांगला दाखवता येतो. दुसरी म्हणजे तार तुटल्याचे ओळखण्यासाठी लावलेला पुल-अप रेझिस्टर. पाच व्होल्टना दहा मेगाओहमचा रेझिस्टर लावला तर अर्धा मायक्रोअँपिअर प्रवाह केबलमधून सतत वाहतो, आणि लांब केबलचा रोध शंभर ओहम असेल तर त्यातून पन्नास मायक्रोव्होल्टची, म्हणजे एका अंशाहून अधिक चूक येते. पॅनेल भट्टीपासून दूर हलवण्याचा विचार कारखान्यात सुरू आहे, तेव्हा या दुसऱ्या गोष्टीचा हिशेब मी केबलच्या प्रत्यक्ष मोजलेल्या रोधासह पुन्हा करणार आहे.