बंड्याची वरची दाढ

आमच्या बंड्याच्या उजव्या डोळ्याखाली गाठ आली, तेव्हा घरात दातांचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. बंड्या म्हणजे नऊ वर्षांचा पॉमेरियन. गाठ फुटली, पू आला. जखम समजून मलम लागलं, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, गाठ बसली. काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा वर. या खेपेला साताऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांनी त्याचा ओठ वर उचलला आणि म्हणाले, “ताई, डोळ्याला काही झालेलं नाही. ही दाढ बघा.”

कुत्र्याच्या वरच्या जबड्यात मांस कातरणारी एक मोठी दाढ असते. तिला तीन मुळं, आणि ती डोळ्याच्या खालच्या हाडात खोल गेलेली. मुळाशी पू झाला की तो डोळ्याखालून फुटतो. औषधाने सूज उतरते, पण सडलेलं मूळ जागेवरच असतं, म्हणून गाठ परत येते. बंड्याच्या त्या दाढेवर तपकिरी किटणाचा जाड थर होता. तोंडाला वास तर वर्षभर येत होता, पण कुत्रं म्हटल्यावर वास यायचाच, असं सगळे म्हणायचे. एका बाजूने चावायचा, भाकरीचा कडक तुकडा तोंडातून टाकून पुन्हा उचलायचा. खाणं मात्र एक दिवसही सोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, दात दुखतो म्हणून कुत्रं उपाशी राहत नाही, त्यामुळेच आजार इतका पुढे जातो.

दाढ काढायची आणि बाकीचे दात साफ करायचे, तर पूर्ण भूल द्यावी लागणार होती. इथे घरात वाद सुरू झाला. सासूबाईंचं म्हणणं, “म्हाताऱ्या जिवाला भूल कशाला गं? तो ग्रूमिंगवाला तसेच खरवडून देतो म्हणतोय ना?” तो खरंच म्हणाला होता, आणि पैसेही फार कमी सांगितले होते. मी ते डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलेलं मला अगदी पटलं. दिसतं ते किटण खरवडलं की दात पांढरे दिसतात आणि आपण खूश होतो. आजार असतो हिरडीच्या आत. जागं कुत्रं तिथे सळई घालू देत नाही, एक्स-रेसाठी स्थिर बसत नाही. शिवाय खरवडल्यावर पॉलिश केलं नाही तर दात खरबरीत राहतो आणि त्यावर थर आणखी लवकर चढतो. सासूबाईंच्या वयाच्या मुद्द्यावर ते म्हणाले, “वय बघून नको, रक्त बघून ठरवू.” रक्त तपासलं, किडनी आणि लिव्हर ठीक निघाले, छाती तपासली. मग पुण्याला जायचं ठरलं, कारण दातांचा एक्स-रे काढायची सोय आमच्याकडे मिळेना.

आदल्या रात्री जेवणानंतर खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालेल असं सांगितलं होतं. एरवी वाटेतला खंबाटकीचा घाट आला की बंड्या गाडीत ओकतो, या वेळी पोट रिकामं असल्याने ती कटकट तेवढी वाचली. दवाखान्यात संमतीपत्रावर सही केली. पुढच्या पायाला सुई लावली आणि त्याला आत नेलं. भूल चढल्यावर श्वासनलिकेत नळी घालतात. तिच्या टोकाशी छोटा फुगा असतो, त्यामुळे दात धुतानाचं पाणी आणि घाण फुप्फुसात उतरत नाही. एवढं ऐकल्यावर जाग्या कुत्र्याचे दात खरवडण्याची कल्पनाच मला भयानक वाटायला लागली.

मधेच डॉक्टरांचा फोन आला आणि व्हॉट्सअॅपवर एक्स-रेचा फोटो. दाढेच्या मुळांभोवती काळी कडा दिसत होती, म्हणजे तिथलं हाड विरघळलेलं. पण नवल दुसरीकडेच होतं. खालचे पुढचे काही दात बाहेरून बरे दिसत होते आणि त्यांना हाडाचा आधारच उरला नव्हता. शिवाय एका सुळ्याला चिकटून दुधाचा सुळा तसाच राहिलेला. लहान जातीच्या कुत्र्यांत हे नेहमी होतं, फटीत अन्न अडकत राहतं. नसबंदीसाठी भूल देतात तेव्हाच तो काढून घेता येतो, हे ज्यांच्याकडे छोटं पिल्लू आहे त्यांनी लक्षात ठेवावं. मोठी दाढ अख्खी निघत नाही. तिचे तीन भाग कापून एकेक मूळ काढतात आणि वर हिरडी ओढून टाके घालतात. टाके आपोआप विरघळतात.

बिल पाच आकडी झालं. निम्मं भूल आणि एक्स-रेचं होतं, आणि आता मला वाटतं, खरं काम तिथेच झालं.

बंड्या शुद्धीवर आल्यावर थोडा थरथरत होता, पण रात्री वरणात कुस्करलेला भात चाटूनपुसून खाल्ला. वरण बिनफोडणीचं, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतात. दाढ नसताना चावणार कसा, ही सासूबाईंची काळजी त्याच रात्री मिटली.

हिरड्या भरल्यावर ब्रश सुरू केला. आधी नुसतं बोट, त्याला बिनमिठाच्या चिकनचं पाणी लावून ओठाखाली फिरवायचं. मग लहान मुलांचा मऊ ब्रश. दातांची फक्त बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ होतं. आपली टूथपेस्ट मात्र अजिबात नको: कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं, आणि काही पेस्टमध्ये असलेलं झायलिटॉल कुत्र्याला विषारी असतं. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते. ब्रश रोज हवा, कारण दातांवरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो. कडक झाला की ब्रशने निघत नाही. नळीची हाडं बंद केली. नखाने दाबून खूण उमटत नाही अशी कुठलीही वस्तू त्याला चघळायला देत नाही, दाढेचा टवका उडतो.

या सगळ्यात मनी मांजरीचंही तोंड उघडून बघितलं. मांजरांचे दात हिरडीजवळून आतल्या आत झिजून जातात, असा एक आजार त्यांच्यात बराच आढळतो आणि तो फार दुखतो. तिच्या एका दाताच्या कडेला लाल ठिपका आहे, त्याचा एक्स-रे पुढच्या महिन्यात. तोवर वेदनेसाठी घरातली गोळी द्यायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय: पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. ब्रश तिला मंजूर नाही. बंड्याचं चिकनचं पाणी मात्र ती चाटते, सध्या तिथूनच सुरुवात आहे.