फोटो कशासाठी काढायचेत?

"कोणता कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न या छंदात हमखास पहिला येतो. मला तो दुसरा वाटतो. पहिला प्रश्न असा, की फोटो काढायचेत कशासाठी? घरची माणसं जपून ठेवायची आहेत, गावातल्या जुन्या दगडांची नोंद करायची आहे, पक्षी ओळखायचे आहेत, की कामाच्या धबडग्यातून तासभर एकट्याने भटकायचं आहे? प्रत्येक कारणाची लेन्स वेगळी, दिवसातली वेळ वेगळी आणि फसण्याची जागाही वेगळी. हे न ठरवता घेतलेला कॅमेरा पहिल्या दोन सहलींनंतर कपाटात जातो आणि आपल्या पावसाळी हवेत तिथे त्याच्या काचेला बुरशी धरते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी पेशाने डॉक्टर, आणि तेही त्या काळात कॅमेऱ्यामागे उभे राहिले. तेव्हा कोलोडियन या चिकट रसायनाचा ओला थर दिलेली काच सुकायच्या आत फोटो घेऊन ती धुवावी लागे. एवढा खटाटोप माणूस उगाच करत नाही. आता बटण दाबणं सोपं झालंय, म्हणून कारण मुद्दाम शोधावं लागतं.

माझ्या मते सर्वांत सच्चं कारण म्हणजे घर. मूल झालं, आई-वडील थकत चालले, जुना वाडा पाडायचा ठरला, की माणूस कॅमेरा शोधायला लागतो. या कामाला मोठ्या झूमची काही गरज नाही. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा कुठलाही साधा कॅमेरा आणि ३५ मि.मी. एफ/१.८ लेन्स पुरेशी आहे. मि.मी. म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ, आकडा वाढला की दृश्य जवळ आणि अरुंद होतं. एफ म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा, तो जितका लहान तितका उजेड जास्त आणि पार्श्वभूमी धूसर. दुकानात बहुतेक वेळा ५० मि.मी. सुचवतात, कारण ती स्वस्त असते. पण एपीएस-सी वर ती ७५-८० मि.मी.सारखी वागते आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी दोन माणसं नीट फ्रेममध्ये बसत नाहीत.

घरातल्या फोटोंचा घात करते ती ट्यूबलाइट. खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा रंग वेगळा, ट्यूबचा वेगळा, पिवळ्या बल्बचा तिसराच. तिन्ही एका चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर, दुसरा पिवळा होतो आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगाचा समतोल) कितीही फिरवला तरी दोन्ही गाल एकदम दुरुस्त होत नाहीत. म्हणून दिवसा घरातले दिवे सरळ बंद करावेत. माणसाला खिडकीपासून तीन-चार फुटांवर, उजेड चेहऱ्यावर तिरका पडेल असं बसवावं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढावा. एफ/२.८, शटरचा वेग १/१२५ सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) ८०० च्या आसपास काम होतं. रांगणाऱ्या मुलासाठी १/२५०, पळणाऱ्यासाठी १/५०० लागतो, आणि त्यासाठी आयएसओ ३२०० करावा लागला तरी बिनधास्त करावा. वाढलेल्या आयएसओमुळे फोटोत येणारे दाणे पुढे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. हललेला चेहरा मात्र कायमचा गेला.

रात्री दिव्याखालीच काढायचे असतील तर आणखी एक पेच आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर ते जाणवत नाही. त्याहून वेगवान केलं, विशेषतः आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर, की फोटोभर आडवे पट्टे उमटतात. झोपलेलं बाळ जागं होऊ नये म्हणून लोक नेमकं तेच शटर वापरतात आणि पट्टे दिसले की कॅमेरा बिघडला असं समजतात. अशा वेळी मेकॅनिकल (खटका वाजणाऱ्या) शटरवर जावं, नाहीतर वेग कमी करावा.

आणि माणसांना ओळीने उभं करून काढू नये. आजी पुरणपोळी लाटत असताना, आजोबा पेपर वाचताना, बाबा स्कूटर पुसताना काढावेत. हातांचे वेगळे फोटो काढावेत. पुढे वीस वर्षांनी भिंतीवरचं कॅलेंडर, ओट्यावरचा स्टीलचा डबा, दाराशी काढलेल्या चपला या गोष्टीच लोक आधी बघतात, तेव्हा पार्श्वभूमी धूसर करण्याचा हव्यास इथे सोडावा आणि मधूनमधून एफ/५.६ वरही काढावं.

याच कारणाची दुसरी बाजू म्हणजे जुने अल्बम. स्कॅनर नसला तरी कॅमेऱ्याने चांगली प्रत निघते. फोटो टेबलावर सपाट ठेवायचा, कॅमेरा ट्रायपॉडवरून बरोबर वरून खाली रोखायचा, दोन्ही बाजूंना एकाच जातीचे दोन दिवे ४५ अंशांत लावायचे आणि खोलीतले बाकीचे दिवे घालवायचे. एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा तिरका आहे का ते पाहायला फोटोच्या जागी छोटा आरसा ठेवावा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या मधोमध दिसलं की जमलं. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल, त्यामुळे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरून उरतो. चिकटपट्टीच्या पानांच्या अल्बममधले फोटो नखाने उचकटू नयेत, दात साफ करायचा धागा मागून हळू सरकवावा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर ओढूच नये, वरचा थर काचेवर राहतो. त्याचा फोटो काचेसकटच घ्यावा आणि कॅमेऱ्यापुढे मध्ये भोक पाडलेलं काळं कापड धरावं, म्हणजे काचेत आपलं प्रतिबिंब येत नाही. मागे काही लिहिलेलं असेल तर त्या बाजूचाही फोटो घ्यावा. नावं विचारायला वडीलधारी माणसं हयात आहेत तोवर विचारून घ्यावीत आणि मागे मऊ पेन्सिलीने लिहावीत. बॉलपेनची रेघ पुढून उठते, शाई झिरपते.

दुसरं कारण महाराष्ट्रात खूप जणांना या छंदाकडे ओढतं: गावाच्या वेशीवरचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रियांचे), गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारे कोरीव दगड), किल्ल्यावरचे शिलालेख. हे दगड ऊन-पाऊस खात उघड्यावर आहेत, काहींवर तैलरंग चढतो आहे, काही रस्तारुंदीत हलतात. इथे फोटो म्हणजे दस्तऐवज, आणि त्यात देखणेपणापेक्षा वाचनीयता महत्त्वाची.

झिजलेली अक्षरं दिसतात ती दगडाला घासून जाणाऱ्या उजेडात. समोरून प्रकाश पडला की कोरीव काम सपाट होतं. उभ्या दगडाचं तोंड पूर्वेला असेल तर माध्यान्हीच्या थोडं आधी ऊन वरून त्याच्या अंगावरून घसरतं आणि खाचाखाचांत सावली भरते. तोंड दक्षिणेला असेल तर हिवाळ्यात सकाळी लवकर किंवा दिवस कलताना बाजूने तसा उजेड मिळतो. आडव्या पडलेल्या दगडाला सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तास. उत्तराभिमुख दगड वर्षाचा बहुतेक काळ सावलीत असतो. त्याला संध्याकाळी उजेड ओसरल्यावर टॉर्चने काढावं: ट्रायपॉड, एफ/८, आयएसओ १००, दोन ते चार सेकंद, फोकस मॅन्युअल करून पक्का केलेला. कॅमेरा न हलवता टॉर्च आठ दिशांनी, दगडाच्या पृष्ठाशी १०-२० अंशांचा कोन ठेवून फिरवावी आणि आठ फोटो घ्यावेत. एका फोटोत न दिसलेला काना दुसऱ्यात दिसतो.

लेन्स ५० मि.मी. किंवा त्याहून लांब, कारण मोबाइलच्या वाइड लेन्सने जवळून काढलं की दगड वर निमुळता होतो आणि त्यावरच्या कोरीव पट्ट्यांची मापं बिघडतात. कॅमेरा दगडाच्या मध्यावर, दगडाला समांतर. आधी पूर्ण दगड, मग वीरगळ असेल तर खालच्या लढाईच्या पट्ट्यापासून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावरचे चंद्र-सूर्य इथपर्यंत प्रत्येक पट्टा वेगळा. निदान एका फोटोत मोजपट्टी असावी आणि वहीत गाव, तालुका, जागा, तोंडाची दिशा, उंची. अक्षरांत खडू, पीठ किंवा रांगोळी अजिबात भरू नये. दगडाचा पृष्ठभाग खरवडतो हे एक, आणि दुसरं म्हणजे आपण जिथे भरतो तिथे आपल्याला वाटलेलं अक्षर उमटतं. पुढचा अभ्यासक मग दगड न वाचता आपला अंदाज वाचत बसतो. शेंदूर किंवा रंग खरवडायलाही जाऊ नये, लोकांची श्रद्धा तिथे आहे. गुरवांना विचारून, चपला काढून काम करावं. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधी घ्यावी.

पक्ष्यांसाठी येणाऱ्यांना माझा सल्ला थोडा अप्रिय असतो: आधी ८ बाय ४२ ची (आठपट जवळ दाखवणारी, ४२ मि.मी. काचेची) दुर्बीण घ्या. पक्षी कुठे बसतो, उडण्याआधी काय करतो, हे कळल्याशिवाय ६०० मि.मी. लेन्सही नुसत्या हिरव्या फांद्या आणते. त्यानंतरही ओढ टिकली तर निदान ४०० मि.मी. लेन्स घ्यावी. हिवाळ्यात भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो), पट्टकादंब, चित्रबलाक बघायला होडीतून जातात. होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, इंजिनाची थरथर त्यातूनच कॅमेऱ्यात येते. हातात धरावं, शक्य तितकं खाली बसावं. उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा अधिक, सलग (पक्ष्यामागे फिरत राहणारा) फोकस, आयएसओ ऑटोवर. पांढऱ्या पक्ष्याने फ्रेम भरली असेल तर कॅमेरा फोटो राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवावं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). तोच पक्षी गडद पाण्यावर लहानसा दिसत असेल तर उलट तेवढंच कमी करावं, नाहीतर पिसांचे तपशील जळतात. आणि ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते. दूरचा फोटो मऊ येतो, लोक लेन्सला दोष देतात. त्यावर उपाय फक्त दोन: लवकर जाणं किंवा अंतर कमी असेल तेवढेच फोटो काढणं.

ओळख पटवायची तर सुंदर फोटोचा हट्ट नको. चोच, पाय, पंखाची वरची आणि खालची बाजू, शेपटी यांचे चार अंधुक फोटो एका झक्क फोटोपेक्षा कामाचे ठरतात. फुलपाखराचंही तसंच. झाडाच्या बाबतीत फूल, पानाच्या दोन्ही बाजू, खोड आणि पूर्ण झाड. घरट्याजवळ मात्र जाऊ नये. पक्षीण उठून गेली की अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांना पत्ता लागतो. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावणं हीसुद्धा त्याची छळणूकच आहे.

काहींना यातलं काहीच नको असतं. त्यांना मन शांत करायचं असतं, आणि हे कारण कमी प्रतीचं नाही. त्यांनी एकच स्थिर लेन्स, एफ/८, ऑटो आयएसओ ठेवावा, मागचा स्क्रीन बंद करावा आणि एका फेरीत जुन्या फिल्म रोलसारखी ३६ फोटोंची मर्यादा पाळावी. दरवेळी नवी जागा शोधण्यापेक्षा तोच रस्ता, तोच घाट पुन्हा पुन्हा चालावा. फोटो त्याच दिवशी उघडू नयेत. स्क्रीन दर मिनिटाला पाहिला की लक्ष समोरच्या गोष्टीवरून उठून निकालावर जातं आणि शांतता तिथेच संपते.

लोकांना दाखवायचे असतील तर फाइल एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीन जी रंगपद्धत धरून चालतात त्यात), १०८० पिक्सेल रुंदीने काढावी. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत राहिली तर कित्येक ठिकाणी रंग फिके पडतात. छापायचे असतील तर स्क्रीनची चमक कमी करून एडिट करावं, नाहीतर कागदावर सगळं काळवंडतं.

बुरशीचं मात्र सर्वांना सारखंच. ६० टक्क्यांवर दमटपणा राहिला की ती वाढते. चामड्याची केस आणि फोमची बॅग ओल धरून ठेवतात, म्हणून जून ते ऑक्टोबर कॅमेरा रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ठेवावा, सोबत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा. जेलचा रंग बदलला की पाकिटावरच्या सूचनेनुसार गरम करून परत वापरता येतं. एसी गाडीतून एकदम घाटाच्या धुक्यात उतरलात तर लेन्स बॅगेतच बंद ठेवून वीसेक मिनिटं थांबावं. घाईने पुसत बसलं तरी धुकं पुन्हा धरतं.

कारण कधी कधी बदलतं. पक्ष्यांसाठी घेतलेली लेन्स पडून राहते आणि माणूस देवळांच्या शिल्पांत रमतो. नवी खरेदी करण्याआधी वर्षभरातले आपल्याला आवडलेले फोटो एका फोल्डरात काढावेत आणि प्रत्येक फाइलमध्ये नोंदलेली फोकल लेंग्थ पाहावी. लाइटरूम किंवा फुकट मिळणारं डिजिकॅम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये ती गाळून पाहता येते. बहुतेक फोटो ३५ मि.मी.च्या आसपास निघाले आणि मन मात्र २००-६०० मि.मी. झूमच्या जाहिरातीत अडकलं असेल, तर ते पैसे प्रवासाला, प्रिंटला आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवायच्या हार्डडिस्कला वापरावेत.