रबराचं वय

खंडेनवमीला कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या आमच्या मशिनिंगच्या शेडमध्ये सगळ्या मशिनींना झेंडूच्या माळा पडतात. लेथला, रेडियल ड्रिलला, दोन्ही व्हीएमसींना (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनींना), अगदी मायक्रोमीटरच्या डब्यालासुद्धा हळदकुंकू लागतं. पोरं पेढे खाऊन घरी गेली की मी गाडी आत घेतो, जॅकवर उचलतो, खाली भक्कम स्टँड लावतो आणि टॉर्च घेऊन खाली झोपतो. वर्षातून एकदा, दीड-दोन तास. बघायचं फक्त रबर. सांध्यातले बुश, सांध्यांवरचे बूट, होस म्हणजे नळ्या, इंजिनाखालची माउंटिंग, हवेचे बेलो. बोटानं दाबायचं, वाकवून बघायचं, भेग दिसली की वहीत लिहायचं. माझ्या गाडीची पूजा ती हीच.

गाडी २०११ ची आहे. जर्मन, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल, चारही चाकांना ताकद आणि चार कोपऱ्यांत स्प्रिंगच्या जागी हवेचे बेलो, म्हणजे हवा भरलेले रबरी फुगे. पहिल्या मालकानं पन्नास लाखांच्या वर मोजले होते. मी २०१७ च्या दिवाळीत साडेचौदा लाखांना घेतली, तेव्हा मीटरवर ७४,००० किलोमीटर होते. आज १,६३,००० आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते या वर्गातल्या बहुतेक जुन्या गाड्यांना लागू आहे.

घेतली तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "एवढ्यात नवी कोरी इनोव्हा आली असती की रे." आली असती. पण मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे पार्ट मशिनिंग करतोय. कास्टिंग येतं, आम्ही बोअर मारतो, फेस घेतो, माप बघतो, पाठवतो. गाडी बघायला गेलो तेव्हा मी सीट आणि लाकडाची पट्टी बघितलीच नाही. खाली वाकून पुढच्या चाकामागचा ॲल्युमिनियमचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बघितला. सहा वर्षं रस्त्यावर पळूनही त्यावरच्या मशिनिंगच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या. असं काम करणाऱ्यांची गाडी आपल्या दारात असावी असं वाटलं. दुसरं कारण नव्हतं.

आणि जुनी गाडी जपण्याचं वेड कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विजयादशमीला दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक येते, १९३० च्या दशकातली. लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून मी ती बघायचो. लोक सोनं लुटायला पुढं सरकायचे, मी गाडीकडं बघत राहायचो. तिच्यासाठी आज कुठल्या दुकानात पार्ट मिळणार? कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या लक्ष ठेवलंय, म्हणून ती चालते.

पहिलं सव्वा वर्ष मी मात्र चुकीच्या जागी लक्ष दिलं. लोखंडात हयात गेलेला माणूस, मला भीती वाटायची ती इंजिनाची. क्रँक, पिस्टन, टर्बो, इंजेक्टर. तेल वेळेवर बदललं तर या गोष्टी लाखांनी किलोमीटर काढतात. आधी थकतं ते रबर आणि प्लॅस्टिक, आणि ते किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. उन्हात उभी राहिलेली, कमी पळालेली, "डॉक्टरांनी वापरलेली" गाडी म्हणूनच फसवी असते. मीटर ४०,००० दाखवतो आणि सगळे होस चौदा वर्षांचे असतात.

हे मला पहिल्यांदा शिकवलं डाव्या पुढच्या कोपऱ्यानं. २०१९ च्या जानेवारीत सकाळी गाडी त्या बाजूला बसलेली दिसायची. सुरू केली की मिनिटभरात वर यायची, म्हणून मी महिनाभर दुर्लक्ष केलं. ती चूक महाग पडली. बेलोतून हवा गळत असली तर ती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. म्हणजे एका भेगेपायी दुसरा मोठा खर्च. शेवटी मी रात्री मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत माप घेऊन ठेवलं आणि सकाळी परत घेतलं. २२ मिलिमीटरचा फरक. मग साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश. बेलोची घडी जिथं दुमडते तिथं बारीक बुडबुडे येत होते.

शिवाजी उद्यमनगरातले आमचे मेस्त्री साठीच्या पुढचे आहेत. ट्रकच्या डिझेल पंपांवर हात बसवून मोठे झालेले. गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर त्यांचा मुलगा चालवतो, पण निदान अजून बापच करतो. त्यांनी बेलोबरोबर कॉम्प्रेसरचा रिलेही, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदलायला लावला. त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही, आणि रिलेची किंमत काही शे रुपये. बेलोला ४६,००० गेले, कॉम्प्रेसरला ३८,०००. महिनाभर आधी गेलो असतो तर दुसरा आकडा वाचला असता.

तेव्हा चार जणांनी सांगितलं, हवेचं काढून साधे स्प्रिंग टाक, कायमची कटकट मिटेल. मी ऐकलं नाही आणि आजही तेच मत आहे. दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून मालवणला सासुरवाडीला जाताना, पाच माणसं आणि परतीला आंब्याच्या पेट्या असताना, मागची बाजू न बसता गाडी जशी वळण घेते ती त्या हवेमुळंच. ते काढलं की वजन आणि डिझेलचा खर्च तेवढा मोठ्या गाडीचा उरतो, गाडी उरत नाही.

दुसरी गोष्ट तेलाची. २०२१ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून तेल टपकायला लागलं. बाहेरगावच्या एका वर्कशॉपनं सांगितलं, क्रँकचं मागचं सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, दीड लाखाची तयारी ठेवा. मी मेस्त्रींकडं आलो.

"मेस्त्री, गिअरबॉक्स उतरवायला लागंल म्हणत्यात."

"उतरवूया की मालक. खरं आधी धुऊन तर बघूया."

त्यांनी इंजिन खालून-वरून स्वच्छ धुतलं, वाळवलं, संशयाच्या जागी टाल्कम पावडर फवारली आणि मला पन्हाळ्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं. आल्यावर दाताच्या डॉक्टरकडं असतो तसा छोटा आरसा घेऊन वरून बघितलं. जोडाखालची पावडर भिजलेली होतीच, पण वरची, इंजिनाच्या दोन बाजूंमधल्या खोबणीतली, तिच्याहून जास्त. सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी V सारख्या बसवलेल्या अशा काही इंजिनांत ऑइल कूलर त्या खोबणीत बसतो. त्याची दोन छोटी सीलं उष्णतेनं कडक झाली की तेल खोबणीत साठतं आणि मागच्या बाजूनं ओघळून बरोबर गिअरबॉक्सच्या तोंडाशी येतं. बघणाऱ्याला वाटतं क्रँकचं सील गेलं.

सीलं चारशे रुपयांची. तिथवर पोचायला इनटेक मॅनिफोल्ड आणि टर्बो काढावा लागला, दोन दिवसांचं काम. मजुरी, गॅस्केट, तेल धरून २७,००० झाले. जुनी सीलं मी शेडमध्ये आणली. नखानं दाबली तर काचेसारखी तुटली. रबर मोल्डिंग करणाऱ्या एका मित्राला दाखवली. नव्या सीलांचं रबर व्हिटॉन जातीचं होतं, जे २०० अंशांच्या आसपासची उष्णता सोसतं. साधं नायट्राइल रबर १०० ते १२० अंशांच्या पुढं कडक व्हायला लागतं. वीस वर्षं बोअरचे मायक्रॉन मोजणाऱ्या मला हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून कुठलंही सील घेताना आधी विचारतो, मटेरियल काय?

लोक म्हणतात, तुझं शेडच आहे, पार्ट घरीच बनवत असशील. काही बनवतो. हीट शील्डचा गंजलेला ब्रॅकेट, तुटलेला स्टड, स्पेसर, चाकाला धरणाऱ्या कंट्रोल आर्मचा बुश काढायचा पुलर. तो पुलर आता मेस्त्रींकडंच असतो, पाच-सहा गाड्यांना वापरून झालाय. पण ब्रेकचं काहीही, स्टिअरिंगचं काहीही, बेलो, सेन्सर यांना मी हात लावत नाही. हातात मशीन आहे म्हणून सगळं जमवायचं नसतं. माझ्या मागच्या सीटवर माझी माणसं बसतात.

गिअरबॉक्सचं तेल हा माझा आग्रहाचा विषय आहे. अनेक गाड्यांच्या बाबतीत सांगितलं जातं की हे तेल गाडीच्या आयुष्यभर चालतं. मी १,१२,००० ला काढलं तेव्हा कोऱ्या चहासारखं काळं होतं आणि पॅनमधल्या चुंबकावर राखाडी चिखल होता. फिल्टर आणि पॅनच्या गॅस्केटसकट बदललं. पातळी बघायची पद्धतही नीट पाळली: इंजिन चालू, तेलाचं तापमान स्कॅनरवर बघत, ठरलेल्या अंशांवर. थंड गाडीत अंदाजानं भरलं तर पातळी चुकते आणि गिअर पडताना धक्के बसतात. ८०,००० किलोमीटरच्या आसपास हे तेल बदलावंच, असं माझं ठाम मत आहे.

आणि विजेचं. एकदा गगनबावड्याहून परत येताना, बाहेर धुवाधार पाऊस, कळे गावाच्या अलीकडं डॅशबोर्डवर एकामागून एक दिवे लागले. एबीएस, एअरबॅग, सस्पेन्शन. सौभाग्यवती घाबरली, मुलगी रडायला लागली. मला वाटलं, आता दोन लाख गेले. मेस्त्रींच्या मुलानं स्कॅनर जोडायच्या आधी व्होल्टमीटर लावला. बॅटरी उभ्या गाडीत ११.९ व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. व्होल्टेज घसरलं की गाडीतले कंट्रोल युनिट एकमेकांशी नीट बोलत नाहीत आणि जिथं दोष नाही तिथं दोष दाखवतात. नवी बॅटरी बसवली, अर्थिंगची पट्टी घासून घट्ट केली, सगळे दिवे गेले. तेव्हापासून कुणीही मला "गाडीत दहा एरर आलेत" असा फोन केला की मी आधी बॅटरीच विचारतो.

पाणी हा आमच्याकडचा वेगळाच शत्रू. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. गाडी तेव्हा नागाळा पार्कात बहिणीच्या अपार्टमेंटच्या तळघरात होती. पंचगंगेचं पाणी चढतंय कळल्यावर रात्री अकराला जाऊन ती राजारामपुरीला आणली. मोठी गाडी आहे, पाण्यातून निघेल, असं म्हणणारे भेटले. मी पाण्यात घातली नाही. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि संपलं. त्या पुरानंतर सेकंडहँड गाडी बघायला कुणी मला नेलं, की मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो. सीट धुता येते, गालिचा बदलता येतो, पण बेल्टच्या गुंडाळीत आतवर गेलेला गाळ बहुतेक तसाच राहतो.

ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर आसरा शोधत येतात, म्हणून त्या चार महिन्यांत गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवत नाही आणि रोज बोनेट उघडतो. सनरूफच्या चार कोपऱ्यांतल्या पाणी जायच्या नळ्या मृगाच्या आधी नायलॉनच्या दोरीनं मोकळ्या करतो. त्या तुंबल्या तर पाणी गालिच्याखाली साठतं, आणि तिथंच वायरिंग असतं.

वहीप्रमाणं आठ वर्षांत डिझेल आणि विमा सोडून ११ लाख ४० हजार खर्च झालेत. त्यातले जवळजवळ दोन लाख टायरांचे. विकायला काढली तर आज कुणी पाच लाखही देणार नाही. हे आकडे मी लपवत नाही, कारण स्वस्तात मोठी गाडी मिळतेय म्हणून घेणारे बरेच जण मला विचारायला येतात. त्यांना मी एवढंच सांगतो की खरेदीच्या किमतीचा तिसरा हिस्सा पहिल्याच दिवशी बाजूला ठेवता येत असेल तर घ्या. मी ठेवला नव्हता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेड बंद असताना कंट्रोल आर्म गेले, आणि गाडी पाच महिने ताडपत्रीखाली उभी राहिली. त्या पाच महिन्यांत तिचं रबर जेवढं खराब झालं तेवढं दोन वर्षांच्या पळण्यात झालं नसतं.

पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं होतील. मग आरटीओत तपासणी, पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली. पूर्ण आयात केलेल्या गाडीला तेव्हाच ४०,००० झाली, माझी भारतात जुळणी झालेली आहे म्हणून बरं. आबा आता ऐंशीचे आहेत. परवा चढताना त्यांना पाय उचलवेना, तेव्हा मी बटण दाबून गाडी खाली घेतली. ते काही बोलले नाहीत, दाराच्या कडेवरून हात फिरवला आणि बसले.

यंदाच्या खंडेनवमीला वहीत तीन ओळी आल्या. उजव्या ड्राइव्हशाफ्टच्या बुटाला केसाएवढी भेग. गिअरबॉक्सचं माउंटिंग बसलंय. मागचा डावा बेलो, घडीवर बारीक रेषा, साबणाच्या पाण्यात बुडबुडे नाहीत. मेस्त्रींना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, "गळत न्हाई न्हवं? मग घाई काय?" मी म्हटलं, मागच्या वेळी महिनाभर थांबलो होतो. बेलो मागवलाय, दिवाळीच्या आत येईल.