चावी सगळ्यात शेवटी

दादाची मारुती सुरू झाली का, हे गोव्यात आमच्या डिचोलीच्या बाजारात मला आता भाजीवालीसुद्धा विचारते. झाली. कशी झाली ते एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे हातात पिशवी धरून उभ्याउभ्या सांगत बसायला नको. शिवाय आमच्याकडे अशा गाड्या चिकार आहेत. मुलं पुण्याला नाहीतर गल्फमध्ये, म्हातारी माणसं त्यांच्यापाठोपाठ, आणि घराच्या पडवीला ताडपत्रीखाली एक गाडी.

ही १९९८ ची ८००. कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो), ७९६ सीसी, तीन सिलिंडर. दादा हायस्कूलचा हेडमास्तर होता, गाडीही त्याने शाळेसारखीच ठेवली होती, डॅशबोर्डवर धूळ दिसली तर आम्हाला बोलणी. २०२० च्या फेब्रुवारीत मुलीकडे पुण्याला गेला, मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, नंतर गुडघ्यांचं सुरू झालं, आणि तो तिकडचाच झाला. गेल्या गणेश चवथीला आला आणि गणपतीवरची फळांची माटोळी बांधताबांधताच म्हणाला, आता मी इथंच राहणार, गाडी काढ बाहेर.

पुतण्या उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी घेऊन हजर. "काका, उगाच वेळ कशाला? सेल्फ मारून बघूया की." त्याच्या मोबाइलवर तसे व्हिडिओही होते, बॅटरी लावली, चावी फिरवली, भुर्रर्र, टाळ्या. मी बॅटरी त्याच्या हातातून घेतली आणि सोप्यावर नेऊन ठेवली.

माझा या बाबतीत थोडा अधिकार आहे. मी मांडवी नदीत खनिज वाहणाऱ्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर होतो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि बार्जी नदीत नांगरून पडल्या. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी उठवली, २०१८ मध्ये पुन्हा सगळं ठप्प. त्या काळात उभं इंजिन कसं मरतं ते मी जवळून पाहिलंय. चालून चालून झिजलेलं इंजिन दुरुस्त होतं. उभं राहून गंजलेलं इंजिन भंगारवाला किलोवर नेतो. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल हळूहळू खाली उतरतं, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत जाते, आणि पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या तिथेच गंजाने धरतात. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तेव्हा ही दमट हवा काही पाहुणी नव्हे, घरचीच. अशा इंजिनला सेल्फ मारला की मोटर जोर लावते आणि रिंग तुटते, नाहीतर सिलिंडरवर ओरखडा उठतो. म्हणून बार्जीवर आम्ही उभं इंजिनसुद्धा बार घालून हाताने फिरवायचो. मालकाने पगार थांबवला तरी काही दिवस फिरवत होतो, सवयीने.

तर मारुतीचे तिन्ही स्पार्क प्लग काढले. प्रत्येक भोकातून इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून थोडं थोडं ओतलं आणि झाकून ठेवलं. घाई नाही. मधल्या काळात बाकीचं उघडत गेलो.

एअर क्लीनरचा डबा उघडला तर आत उंदराचा संसार. काथ्या, मागच्या सीटचा स्पंज, दादाच्या जुन्या सर्व्हिस बुकाची पानं, आणि कडेला नीट रचलेल्या काजूच्या बिया, काही फोडलेल्या, काही पुढच्या बेगमीच्या. फिल्टरला आरपार भोक. पुतण्याच्या व्हिडिओप्रमाणे सेल्फ मारला असता तर हा सगळा ऐवज कार्बोरेटरने गिळला असता. वायरिंगही दोन ठिकाणी कुरतडलेलं, त्यातली एक वायर उघडी पडून बॉडीला टेकलेली. बॅटरी जोडण्याआधी हे दिसलं ते बरं झालं.

मग पेट्रोल. टाकी खाली उतरवली, कारण नुसता पाइप घालून ओढलं तर तळाचा गाळ तळालाच राहतो. झाकण उघडल्याबरोबर वार्निशचा वास आला. पुतण्याचं म्हणणं, त्यात नवीन पेट्रोल टाकलं की होईल मिक्स. फेणीची एक पारदर्शक रिकामी बाटली घेतली, त्यात तळाचं पेट्रोल भरलं आणि पायरीवर ठेवली. थोड्या वेळाने उन्हात धरून त्याला दाखवली. वर तांबूस पेट्रोल, खाली बोटभर गढूळ थर, आणि दोघांच्या मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. बाटली हलवली की रेघ मोडायची आणि परत जुळायची. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. इंजिनला पेट्रोल जातं ते नेमकं तळातून. पुतण्या त्यानंतर मोबाइल खिशात ठेवून पाना धरायला लागला.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. १९९८ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. ते आपल्या हातात नाही, पण रबर आपल्या हातात आहे. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवीन टाकले, इथेनॉलला चालतील असे मागून घेतले. जुने वाकवले तर कडाकड मोडत होते. फ्युएल पंपाचा पडदाही गेला होता, पंपच नवा घेतला. यापुढे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत ओल धरायला जागाच ठेवायची नाही, गळ्यापर्यंत भरायची, हे दादाला बजावून ठेवलंय.

कार्बोरेटर मात्र मी उघडला नाही. ते नाजूक काम, आणि आता ते करणारे हात कमी राहिलेत. म्हापशाला एक म्हातारा मेकॅनिक आहे, कार्बोरेटर बघितला की त्याचे डोळे चमकतात. त्याने फ्लोटचं झाकण उघडलं, आत जागोजाग पांढरी-हिरवी खरपुडी, जेट म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं बुजलेली, सुई बसल्या जागी चिकटलेली. माझ्याकडे वळून कोकणीत म्हणाला, "पात्रांव (म्हणजे शेठ), हो कार्बोरेटर न्हय, हें मिठागर!" दोन दिवसांनी चकचकीत करून दिला, पैसेही वाजवी घेतले. ८०० बंद होऊन झालं दशक, पण सुटे भाग म्हापशात सहज मिळाले. ओम्नीत हेच ७९६ सीसीचं इंजिन होतं आणि ती २०१९ पर्यंत निघत होती, त्याचा हा फायदा. टायमिंग बेल्ट त्याच दुकानात घेतला. जुना बरा दिसत होता, पण रबर दिसण्यावर जाऊ नये.

मग आला हाताने फिरवायचा दिवस. क्रँकच्या बोल्टला पाना लावला, लांब दांडा घातला नाही. मुद्दामच. लांब दांड्याने माणसाला आपण किती जोर लावतोय ते कळत नाही. सुरुवातीला काहीच नाही, भिंतीला पाना लावलाय असं वाटावं. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. मग मनगटाला काहीतरी मऊ लागलं, पाना बोटभर सरकला आणि प्लगच्या भोकातून फुस्स करून हवा आली, बरोबर काळं तेल. ही फुस्स ऐकली की निम्मी लढाई जिंकली. पूर्ण दोन फेरे झाले, कुठे अडखळ नाही, कुठे खरखर नाही. दादा खुर्ची टाकून बसला होता, त्याने विचारलं, "सुरू कधी होणार?" मी म्हटलं, ब्रेक झाल्यावर.

हे लोकांना उलटं वाटतं. पण सुरू झालेली गाडी पुढे जाते, आणि पुढे आमच्या अंगणात तुळस आहे आणि तिच्यामागे विहीर.

ब्रेकने सगळ्यात जास्त घाम काढला. दादा शिस्तीचा माणूस, जाताना हँडब्रेक कचकचून ओढून गेला. एवढे पावसाळे मागच्या चाकांचे ब्रेक लायनर ड्रमला टेकून राहिले आणि गंजाने एकजीव झाले. गाडी उभी ठेवायची तर पहिल्या गिअरमध्ये टाकावी, चाकाखाली चिरा लावावा आणि हँडब्रेक सोडून द्यावा. ड्रमवर आजूबाजूने हातोडी मारली, गंज झडला, ड्रम जागचा हलेना. तेव्हा ड्रमच्या तोंडावरच्या दोन आट्यांच्या भोकांची आठवण झाली. ती कंपनीने याचसाठी दिलेली असतात. त्यांत ८ मिमीचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम स्वतःच बाहेर येतो. एक आला. दुसरा येताना लायनर ड्रममध्येच ठेवून आला. मागचे व्हील सिलिंडर गळत होते, दोन्ही नवे टाकले. पुढच्या डिस्क फक्त वरवर गंजल्या होत्या. ब्रेक ऑइल काळंकुट्ट. तेही पाणी ओढतं, आणि पाणी मिसळलेलं ऑइल उतारावर तापलं की उकळतं, पेडल थेट खाली जातं. सगळं काढून नवीन भरलं आणि हवा काढायला पुतण्याला पेडलवर बसवलं. "दाब. धर. धर म्हटलं ना! आता सोड." संध्याकाळपर्यंत शेजारच्या पोपटालाही ते पाठ झालं असेल. (शेजाऱ्यांकडे पोपट नाही. असता तर.)

टायरांवर नक्षी खोल दिसत होती, त्यामुळे पुतण्याला ते टाकवेनात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर २३१४, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. शिवाय जमिनीला टेकलेली बाजू चपटी झालेली. चारही बदलले, त्यावर चर्चा नाही.

इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, फॅन बेल्ट हे ओघाने आलंच. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतले हिरवे पडलेले पॉइंट घासले. मग सोप्यावरची बॅटरी आणली, पण प्लग अजून बाहेरच आणि कॉइलची मधली वायर काढलेली, म्हणजे ठिणगी नको. आता पुतण्याला म्हटलं, मार सेल्फ. इंजिन रिकामंच फिरलं, प्लगच्या भोकांतून उरलेलं तेल माझ्या शर्टावर उडालं, आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला. त्या दिव्यासाठीच हा उपद्व्याप. ऑइल वर चढलं, बेअरिंगपर्यंत पोचलं, आता इंजिनला आग दाखवायला हरकत नाही.

प्लग बसवले, वायर जोडली, चोक ओढला. आणि मग दादाला बोलावलं. चावी त्याची, त्यानेच फिरवायची. एकदा खोकली. मग पकडलं. निळसर धूर एवढा निघाला की वरच्या घरातल्या वहिनी काय जळतंय ते बघायला आल्या. सिलिंडरमध्ये ओतलेलं तेल ते, जळून संपलं की धूरही संपला. दादा काही बोलला नाही, रुमालाने आरसा पुसत बसला.

गिअर मात्र पडेना. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, उभ्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं. इंजिन गरम करून बंद केलं, चौथा गिअर टाकला, दादाने क्लच दाबून धरला आणि आम्ही दोघांनी गाडी मागेपुढे झुलवली. टक्कन सुटली. गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली नाही.

एवढं करून गाडी अंगणातून वाडीच्या फाटकापर्यंत जाते आणि परत येते. पुढे नाही, कारण कागद. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, त्यानंतर दर पाच वर्षांनी नवं करायचं. दादाची मुदत २०२३ मध्येच संपली. २० वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टपासून १०,००० रुपये झालीय, वर उशिराचे महिन्याला ५०० वेगळे. इन्शुरन्स नवा, पीयूसी नवं. पीयूसीची मला काळजी नाही, एवढ्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो आणि म्हापशाच्या म्हाताऱ्याने मिक्श्चर छान लावून दिलंय. पण पुतण्याने हिशोब मांडून दाखवला, टायरांपासून फीपर्यंत, आणि म्हणाला, बाबा, एवढ्यात चांगली सेकंड हँड आल्टो आली असती. हिशोब बरोबर आहे. दादाने कागद घेतला, लाल पेनने बेरजेतली एक चूक काढली आणि परत दिला.

पासिंगला गाडी चालवत नेऊ म्हणतो दादा, आरटीओ डिचोलीतच तर आहे, हाकेच्या अंतरावर. मी नाही म्हटलंय. कागद नसलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही, वाटेत कोणाला धक्का लागला तर निस्तरणार कोण. सपाट ट्रकवाल्याला फोन केलाय. एवढ्याशा अंतराचे त्याने जे पैसे सांगितले ते ऐकून दादाचं आणि माझं दोन दिवस बोलणं बंद आहे, जणू काही ट्रक माझा आहे.