ब्लॅक परेड, मुक्काम मालवण: ताशा बसला, आता 'मामा'

गेल्या नोंदीनंतर काम बरंच पुढे सरकलंय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: माय केमिकल रोमान्स या अमेरिकन रॉक बँडचा 'द ब्लॅक परेड' (२००६) हा अल्बम एकही गाणं न गाळता, क्रम न मोडता वाजवायचा आहे. दोन गिटार, बेस, ताशा आणि भजनाची पेटी.

क्रमाचा हट्ट माझा आहे. कॅन्सरने मरणाऱ्या एका पेशंटची ही गोष्ट. लहानपणी बाबांनी त्याला बँडची परेड दाखवायला नेलं होतं आणि मरण त्याच्यासमोर त्याच परेडच्या रूपात येतं. सुरुवातीलाच हॉस्पिटलच्या मॉनिटरचं टिकटिकणं, आणि 'द एंड' हे पहिलं गाणं संपतं न संपतं तोच 'डेड!' अंगावर येतं. गाणी सुटी ऐकली तर नुसती मरणाची वाटतात. २००८ मध्ये डेली मेल या ब्रिटिश वृत्तपत्राने याच मरणाच्या सुरावरून या बँडवर टीकेची झोड उठवली, तेव्हा लंडनमध्ये त्यांच्या कचेरीबाहेर चाहत्यांनी निदर्शनं केली होती. मी चाहत्यांच्याच बाजूचा. शेवटाकडच्या 'फेमस लास्ट वर्ड्स'पर्यंत पोचलेल्याला हा अल्बम जगण्याकडे वळताना स्पष्ट ऐकू येतो. समीक्षकांनी क्वीन आणि पिंक फ्लॉइड या जुन्या रॉक बँडची नावं घेतली, ती रास्तच. बिलबोर्डच्या अमेरिकी अल्बम-यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर आला.

आता मुख्य गाणं, 'वेलकम टू द ब्लॅक परेड'. त्याचा पहिला पियानोचा सूर जी, म्हणजे पेटीवर पांढरी पाच. पियानोचा सूर वाजला की आपोआप विरत जातो. पेटीचा भाता चालू असेपर्यंत हटत नाही. आमचे पेटीवाले बुवा डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, मुरलेले. त्यांनी ऐकून लगेच विचारलं, "ह्यो सूर धरून ठेवचो काय सोडून देवचो?" शेवटी भाता एकदाच दाबून हात काढायचा आणि आतली हवा संपेपर्यंत पट्टी दाबून ठेवायची असं ठरलं. सूर शेवटी हळूहळू विरतो. मला ते फार आवडलं, तसंच ठेवणार.

मार्चसाठी ताशा. मार्चिंग बँडच्या स्नेअर ड्रमखाली तारांची थरथर असते, ती ताशाला नाही, आणि बंद खोलीत त्याचा आवाज कानात घुसतो. ताशाच्या पानावर (वरच्या पडद्यावर) जुन्या लुंगीची घडी टाकली आणि काड्या कडेकडून चालवल्या, तेव्हा आवाज कोरडा, आखूड झाला. तर्री (काड्यांची सलग जलद थाप) मात्र आमच्या ताशावाल्या पोराची अशी सफाईदार आहे की गाणं वेग पकडतं तिथे अंगावर काटा येतो. शेवटी गाण्याची पट्टी 'जी'वरून 'ए'वर चढते, तेही आता न अडखळता जमतंय. गिटारच्या तारांचं म्हणाल तर खाऱ्या हवेत त्या लवकर गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा.

'कॅन्सर' छोटं आहे, पेटी आणि एकच आवाज, लगेच बसलं. 'टीनएजर्स'ला काही अडचण नाही.

अडलंय ते 'मामा'वर. मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्यातला आईचा आवाज अमेरिकन गायिका-अभिनेत्री लायझा मिनेलीचा आहे, नाटकी आणि पोळलेला. ते काम दशावतारात स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाकडून करून घ्यावं असं माझ्या मनात आहे. रडता रडता सूर न सोडणं त्यांना रोजचं. पण त्यांचा हंगाम सुरू झाला की रात्री मोकळ्या नसतात, म्हणून तालीम दुपारी घ्यावी लागेल. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी पट्ट्यात कुणी तयार असेल तर जरूर कळवा. ओळी मी देवनागरीत लिहून देईन.